आबांची फियाट, बाबांची 800

(एपिसोडचा मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं.)

हेडफोन लावून बसमध्ये असाल, होस्टेलवर असाल, नाहीतर शेतात स्प्रिंकलर चालू करून बांधावर बसला असाल, आज जरा गाड्यांबद्दल बोलू. पण नव्या नाही. सनरूफ नाही, टचस्क्रीन नाही. दोन म्हाताऱ्या गाड्या, दोन वेगवेगळ्या काळातल्या, आणि दोन्ही आमच्या केनवडच्या घरी एकाच कोठ्यात उभ्या असलेल्या.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी: मी मूळचा केनवडचा, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड दुरुस्त करतो. त्यामुळे जुन्या वस्तूंचा थोडा शौक आणि थोडा राग, दोन्ही आहे.

झालं काय, की मागच्या दिवाळीत घरी वाटणीचा विषय निघाला. भांडण वगैरे नाही, शांतपणे. कोठ्याची बाजू काकांकडे जाणार असं ठरलं. म्हणजे दोन गाड्यांना जागा नाही, एकच राहणार. एक आबांची, म्हणजे आजोबांची, 1986 ची प्रीमियर पद्मिनी. दुसरी बाबांची 1996 ची मारुती 800. वरून 2026 मध्ये 800 च्या आरसीचं नूतनीकरण आलेलं. बाबांनी मला विचारलं, "तू इंजिनिअर हायेस, तू सांग. कोणती ठेवायची?"

मी एका सेकंदात म्हणालो, "फियाट ठेवू. 800 विकून टाका. 800 तर कुठंही मिळते."

बाबा काहीच बोलले नाहीत. उठून ढोरांना पाणी पाजायला गेले. मला वाटलं, पटलं त्यांना.

आता आधी या दोन गाड्या नीट समजून घेऊ, कारण मी सुद्धा तेव्हा नीट समजून घेतल्या नव्हत्या.

पहिली: फियाट

आमच्याकडे हिला कोणी पद्मिनी म्हटलंच नाही, 'फियाट'च. आणि ते चूकही नाही. मूळ डिझाइन इटलीच्या फियाट 1100 चं. बनवणारी कंपनी मात्र आपली: प्रीमियर ऑटोमोबाइल्स, 1944 ची, सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी काढलेली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. 1964 पासून ही गाडी इथं 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून यायची, आणि 1974 पासून तिचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी, राणी पद्मिनीवरून.

म्हणजे बघा, आबांची गाडी 1986 ची असली तरी तिची रचना साठच्या दशकातली. का बदलली नाही? कारण बदलायची गरजच नव्हती. तेव्हा लायसन्स राज होतं. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार. बाजारात मुख्य पर्याय दोन: अँबेसेडर नाहीतर फियाट. लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे. ग्राहक रांगेत उभाच असेल तर कंपनी अपडेट कशाला देईल? आपल्या भाषेत, कॉम्पिटिशन नाही तर नवीन व्हर्जन नाही.

आबांचं रिसोडच्या मार्केट यार्डात अडत दुकान होतं. त्यांनी ही गाडी 1992 मध्ये मुंबईहून सेकंड हँड आणली. आमच्या गल्लीतली पहिली चारचाकी. आई सांगते, गाडी आबांची होती पण चालायची गावाची. कोणाचं बाळंतपण, कोणाला साप चावला, कोणाची वरात, दार वाजायचं ते आमचंच. आबा डिझेल-पेट्रोलचा हिशोब ठेवायचे पण धोतराचा सोगा सावरत गाडी काढायचेच.

टेक्निकल बघू. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, ताकद अंदाजे 40 हॉर्सपॉवर. इंजिन पुढं, पण फिरतात मागची चाकं. त्यामुळे गाडीच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट मागं जातो आणि आत पायाशी मधोमध उंचवटा येतो. मागं कमानपाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गिअर खाली नाही, स्टेअरिंगच्या बाजूला दांडी. त्यामुळे पुढची सीट अखंड बाकासारखी, तीन माणसं आरामात. आमचा घरचा रेकॉर्ड लग्नातला आहे, नऊ माणसं आणि एक रुखवताची टोपली. करू नका असं.

आणि एक खास गोष्ट. मे महिन्यात आपल्या भागात ऊन किती असतं ते सांगायला नको. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, तो तापला की आतलं पेट्रोल वाफ होतं, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी भर रस्त्यात बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात. आबांकडे उपाय होता: डिकीत कायम पाण्याची कॅन आणि एक फडकं. फडकं ओलं करायचं, पंपावर ठेवायचं, बाभळीखाली दहा मिनिटं बिडी प्यायची, गाडी चालू. मी लहानपणी समजायचो की गाडीलाही माणसासारखा ताप येतो आणि कपाळावर पट्टी ठेवावी लागते.

दुसरी: 800

आता मारुती. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी 1981 मध्ये स्थापन झाली, 1982 मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या 800 ची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी शेवटपर्यंत, म्हणजे 2010 मध्ये ते वारेपर्यंत, विकली नाही. 1986 मध्ये गाडीचं रूप बदललं, तोच आकार आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतो. शेवटची 800 जानेवारी 2014 मध्ये तयार झाली. एकूण 25 लाखांहून जास्त बनल्या.

इंजिन 796 सीसी, तीनच सिलिंडर, आमच्या मॉडेलची ताकद 37 हॉर्सपॉवरच्या आसपास. कागदावर फियाटपेक्षा कमीच. पण इथं गंमत आहे. इंजिन आडवं बसवलंय आणि पुढचीच चाकं फिरतात. मागं जाणारा शाफ्टच नाही. त्यामुळे वजन कमी, जागा जास्त, पायाशी तो उंचवटा नाही. फियाटचं वजन जवळपास 895 किलो, 800 चं 650 च्या घरात.

आता भागाकार करा. 40 भागिले 895: टनामागे साधारण 45 हॉर्सपॉवर. 37 भागिले 650: टनामागे 57. म्हणजे 'कमी ताकदीची' 800 प्रत्यक्षात जास्त चपळ. पेट्रोलचं पण तेच. आमच्या घरचा अनुभव, फियाट लिटरला 10-11, 800 सतरापर्यंत. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. चाकं मात्र 12 इंची, फियाटची 14 इंची. पावसाळ्यात शेतरस्त्याला त्या दोन इंचांचा फरक कळतो. 800 पोटावर बसते, फियाट निघून जाते.

बाबा झेडपी शाळेत शिक्षक. त्यांनी 2005 मध्ये ही 800 सेकंड हँड घेतली. तिच्या नंबर प्लेटवर एमएच-30 आहे, म्हणजे अकोला, कारण 1996 मध्ये वाशिम जिल्हाच नव्हता. तो 1 जुलै 1998 ला झाला आणि आपल्याला एमएच-37 मिळालं. म्हणजे ही गाडी आपल्या जिल्ह्यापेक्षा मोठी आहे, आणि माझ्यापेक्षा एका वर्षाने.

मग मी मोजमाप केलं

दिवाळीच्या सुट्टीत मी मिस्त्रींना घरी बोलावलं. म्हातारे आहेत, फियाट त्यांच्याच हाताखाली वाढलेली. 2009 पासून ती बंद होती. बॅटरी जोडली, थोडं पेट्रोल थेट कार्बोरेटरमध्ये टाकलं. मला वाटलं होतं, सिनेमासारखी धडधड होईल, मी व्हिडिओ काढीन, रील टाकीन. मोबाईल स्टँडवर लावला होता, खोटं कशाला बोलू.

काही झालं नाही. इंजिन जाम. टाकीत गंज, ब्रेकचे सिलिंडर चिकटलेले, क्लच प्लेट चिकटलेली. पायाखालचा पत्रा मिस्त्रींनी पान्याने ठोकला तर पान्याचं टोक आरपार. उंदरांनी वायरिंगचं जे केलं होतं ते बघून मला आमच्या ऑफिसचा प्रॉडक्शन सर्व्हर आठवला.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, व्हते. सबन व्हते. पैसा किती लावतं ते सांग."

आम्ही वहीत लिहिलं. पत्राकाम आणि रंग 70 हजार. इंजिन 45. ब्रेक-क्लच 18. टायर-ट्यूब 16. वायरिंग 12. सीट आणि रबरं 9. एकूण एक लाख सत्तर हजार, आणि उघडल्यावर आणखी काय निघेल ते वेगळं. पार्ट्ससाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा जुना बाजार धुंडाळायचा. ज्या कुर्ल्यात ही बनली त्याच कुर्ल्याच्या भंगारातून हिचे अवयव आणायचे.

800 ची यादी: क्लच प्लेट साडेपाच, बॅटरी साडेचार, ब्रेक शू अडीच, कार्बोरेटर किट दोन. साडेचौदा हजार. सगळे पार्ट्स एका दिवसात मिळणारे.

कागदांचं पण बघा, तुमच्या उपयोगाचं आहे. खासगी गाडीची आरसी 15 वर्षं चालते, मग फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 पासून चारचाकीची ही फी 600 वरून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांवरच्या हलक्या गाड्यांसाठी ती 10,000 केली. वर पर्यावरण कर वेगळा. फियाटचे कागद 2011 लाच संपलेले, म्हणजे उशिराचा दंडही आला. 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते का? येते, 2021 चा नियम आहे, पण गाडी 50 वर्षांच्या वरची लागते. आमची चाळिशीची. ना तरुण, ना व्हिंटेज. मधल्यामध्ये अडकलेली.

तरीही मी आईला म्हणालो, "पैसे मी देतो. आबांची आठवण आहे. 800 मध्ये काय आहे आठवण्यासारखं?"

आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "आबाले अकोल्याले कोणत्या गाडीत नेलं होतं, इसरला काय?"

2010

मी विसरलो नव्हतो. मी ते कधी त्या गाडीशी जोडलंच नव्हतं.

2010 चा पावसाळा. मी तेरा वर्षांचा. रात्री आबांच्या छातीत दुखायला लागलं. फियाट वर्षभरापासून बंद होती. तेव्हा घरात यावरून थोडं ताणलेलं होतं, कारण आबांना वाटायचं की बाबांनी फियाटकडे लक्ष दिलं नाही, 800 चं कौतुक केलं. आबा 800 ला 'डबी' म्हणायचे. पाच वर्षांत ते त्या गाडीत बसले नव्हते. रिसोडला जायचं तर एसटीने जायचे.

त्या रात्री बाबांनी आबांना उचलून त्याच डबीत पुढच्या सीटवर बसवलं. आई मागं, मी आईजवळ. पाऊस असा की वायपर पुरत नव्हता. बाबा एक शब्द बोलले नाहीत, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मला फक्त काचेवरचं पाणी आठवतं आणि तीन सिलिंडरचा तो गुरगुरणारा आवाज, जो एकदाही तुटला नाही. अकोल्याला पोहोचलो. वेळेत पोहोचलो.

आबा त्यानंतर तीन वर्षं जगले. दवाखान्यातून परत येताना ते स्वतःहून पुढच्या सीटवर बसले. डॅशबोर्डवर हात ठेवून बाबांना म्हणाले, "लहान हाय लेका. पण पोहचवते."

आई म्हणाली, तेवढंच. बापलेकात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. पण बाबा ती गाडी दर रविवारी का धुतात, ते मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. आणि मी त्यांना म्हटलं होतं, "800 तर कुठंही मिळते."

तर, कोणती चांगली?

प्रामाणिकपणे सांगतो. तुम्ही इंटरनेटवर ऐकाल, 'जुन्या गाड्या लोखंडी, मजबूत, नव्या डबड्या'. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी नाही. धडकेत पुढचा भाग चुरगळून धक्का स्वतःत जिरवायला हवा, तो आत माणसापर्यंत येऊ नये. फियाट त्या विचाराच्या आधीची गाडी. 800 हलकी, तिचंही फार कौतुक नको. दोन्हीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, तिथं कारला 120 ची मर्यादा आहे. या दोन्हींपैकी एकही तिथं नेऊ नका. बाबा स्वतःच म्हणतात, "आपण जुन्या रोडनं जाऊ."

दुरुस्तीत फियाटचा हात धरणं अवघड. बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, सगळ्यापर्यंत हात जातो. पॉइंट घासायला पॉलिश पेपर पुरतो. 800 आटोपशीर, हात घालायला जागा कमी, पण मुळात हात घालावाच कमी लागतो. मला हा दोन काळांतला खरा फरक वाटतो. फियाटच्या काळात मालकाला गाडी समजावीच लागायची, कारण ती बंद पडणारच. 800 ने सांगितलं, तुम्ही चावी फिरवा, बाकी मी बघते. म्हणून एक झेडपीचा मास्तर, ज्याला पान्यांचे नंबर माहीत नाहीत, भर पावसात रात्री बापाला घेऊन निघू शकला.

पण उलट बाजू पण सांगतो. 1992 ते 1998 या काळात गल्लीतल्या कितीतरी लोकांसाठी फियाटच ती रात्र होती. तेव्हा दुसरं काही नव्हतंच. ज्यांना तिने पोहोचवलं त्यांच्यासाठी तीच जगातली सगळ्यात चांगली गाडी. मुंबईत पण बघा, शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवला नोंदवलेली, वीस वर्षं पूर्ण करून 30 ऑक्टोबर 2023 ला बंद झाली, तेव्हा लोक हळहळले. त्यांना काय 40 हॉर्सपॉवर आठवत होती?

काय ठरलं

मी बाबांकडे गेलो आणि म्हणालो, "बाबा, चुकलो. 800 ठेवू." ते म्हणाले, "मले माहीत व्हतं तू हिशोब केल्यावर हेच म्हणशील." मी म्हणालो, हिशोबामुळे नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण चहा मला त्यांनीच ओतून दिला.

फियाट अकोल्याच्या एका शौकीन माणसाने 42 हजारांना नेली. तो स्वतः मिस्त्रीकाम करतो, तिला उभी करणार म्हणतो. ट्रॉलीवर चढवताना शेजारच्या आजी आल्या. त्यांचा थोरला मुलगा त्या गाडीतून नेल्यामुळे दवाखान्यात जन्मला होता. त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. बाबा गेटपर्यंत गेले आणि उगाच फाटकाची कडी नीट करत उभे राहिले.

मला वाईट वाटलं. अजून वाटतं. जास्तीचे पैसे टाकून दोन्ही ठेवल्या असत्या का, असं रात्री कधी कधी मनात येतं. पण मी वर्षातून दोनदा गावी जातो. उभी ठेवून पुन्हा गंजवली असती. तो माणूस निदान चालवेल.

जाता जाता

तुमच्या घरी पण अशी एखादी जुनी गाडी असेल किंवा घ्यायची असेल, तर चार गोष्टी. एक, लोहचुंबक घेऊन जा. पत्र्याला चिकटत नसेल तर तिथं लांबी भरलेली आहे. दोन, चटई उचलून पायाखालचा पत्रा बघा आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवा. तीन, आता पंपावर ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांची रबरी नळी, वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. नळ्या बदलून घ्या आणि टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: ती गाडी ज्याने चालवली त्याला आधी विचारा. स्पेसिफिकेशन मोबाईलवर मिळतं. बाकीचं फक्त त्या माणसाकडे असतं, आणि तो स्वतःहून सांगणार नाही.

परवा बाबांचा फोन आला. 800 ला नवीन क्लच प्लेट बसली, "लोण्यावानी चालते" म्हणाले. मी विचारलं, "बाबा, त्या रात्री अकोल्याला जाताना तुम्हाला भीती वाटली होती का?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "येशीन तवा सांगतो."

तर मी पुढच्या आठवड्यात गावी चाललोय.

तुमच्या घरातल्या जुन्या गाडीची, ट्रॅक्टरची, लुनाची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. काळजी घ्या, गाडी हळू चालवा, पुढं बसा की मागं, बेल्ट लावा. भेटू!